सहा माणसांची कंपनी आणि येळवस

आपली मुलगी कुठं नोकरीला आहे हे सांगताना मडिवाळप्पा बिरादारांचा चहा थंड होऊन जायचा. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देण्याचं दुकान. तिथं सोयरेधायरे येऊन टेकायचे आणि विचारायचे, "तनुजा काय करती हल्ली?"

"सॉफ्टवेअरमदी हाय."

"पुण्याला?"

"न्हाई. लातूरला."

"लातूरला? कंपनी कोणची म्हणं?"

झालं! आता काय सांगायचं? नाव सांगितलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरची माशी हलणार नव्हती. ती कंपनी म्हणजे मालक वैजनाथ आणि त्याच्याकडची पाच माणसं. खतांच्या दुकानावर दोन खोल्या, जिना अरुंद, आणि हंगामात त्या जिन्यावरसुद्धा पोती रचलेली. इंजिनिअर झालेली पोरगी रोज सकाळी पोत्यांना वळसे घालत ऑफिसात जाते, हे मडिवाळप्पांना बघवत नव्हतं. शेजारच्या चंद्रप्पांचा मुलगा हैदराबादला होता. त्याच्या कंपनीचं नाव चंद्रप्पा असं काही तोंड भरून घ्यायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ती यांच्याच आजोबांनी काढली होती.

आता तनुजाला काही जमत नव्हतं म्हणून ती लातूरला अडकली, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते आधी काढून टाका. नांदेडला इंजिनिअरिंग झालं तेव्हाच पुण्याची एक नोकरी हातात होती. पण रुजू व्हायच्या आधी, मधल्या दिवसांत ती सहज म्हणून वैजनाथच्या ऑफिसात गेली. हे लोक आडत दुकानांसाठी प्रोग्राम करतात एवढंच तिला माहीत होतं. वैजनाथनं तिला खुर्ची दिली नाही की कॉम्प्युटर दिला नाही. म्हणाला, "मोंढ्यात जाऊन बस. दुकानात काय काय होतं ते बघून ये."

आडतवाल्याची पोरगी ती, मोंढ्यात लहानाची मोठी झालेली. तिला वाटलं, यात नवीन ते काय बघायचं? पण बसली. आणि तिला दिसलं की काट्यावर पोतं चढलं की शेतकरी मान वाकडी करतो, टाचा उंच करतो, मुनीमजींच्या खांद्यावरून डोकावतो. वजन किती आलं ते त्याला बघायचं असतं. कॉम्प्युटरचं तोंड मात्र मुनीमजींकडं. जन्मभर तिनं हे बघितलं होतं आणि कधी बघितलं नव्हतं.

तिनं प्रोग्राममध्ये दुसऱ्या पडद्याची सोय केली. शेतकऱ्याकडं तोंड केलेला, मोठ्या आकड्यांचा. काही दुकानदार खवळले. एक शेठ वैजनाथला म्हणाला, "ही भानगड काढून टाका." वैजनाथला घाम फुटला, कारण शेठ जुनं गिऱ्हाईक. तनुजा त्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "काढते की. पण मग प्रोग्रामपण दुसऱ्याकडून घ्या, काका. माझ्याच्यानं आता तो अर्धा करून देणं व्हायचं न्हाई." पुढं काय, शेठनं पडदा ठेवला, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच कौतुकानं दाखवतो. असली बाई आहे ही! पुण्याची नोकरी तिनं तेव्हाच सोडून दिली होती.

तिची एक रीत होती. प्रोग्राममध्ये काही नवीन घातलं की पहिला दिवस ती स्वतः दुकानात जाऊन उभी राहायची. कोणी चुकीचं बटण दाबलं तर दाबणाऱ्याला हसायची नाही. "तुमचं बोट तिकडंच गेलं ना? मग बटणच चुकीच्या जागी हाय," म्हणायची आणि परत येऊन बटण हलवायची. फोन आला की "बोला, तनुजा बोलते." अंघोळीला गेली तरी फोन बाथरूमच्या दाराशी.

पण अशी चार वर्षं गेली आणि तिच्या मनात एक किडा शिरला. तो किडा मोठेपणाचा नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नांदेडची तिची मैत्रीण आरती पुण्याच्या मोठ्या कंपनीत होती. ती बोलता बोलता म्हणाली, "आमच्याकडं प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी दुसरी दोन माणसं वाचतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढं जात नाही."

तनुजा त्या दिवशी जेवली नाही. तिचं काम वाचणारं कोण होतं? वैजनाथ माणूस सोन्यासारखा, पण त्यानं प्रोग्राम लिहिणं कधीच सोडलेलं. तो गिऱ्हाईक बघायचा. बाकीची पोरं तिच्याच हाताखाली शिकलेली. तिच्या हातून सुटलं की थेट दुकानात. बरोबर आहे का चूक, हे तिला गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळायचं. "माझं कुणी वाचत न्हाई, आरती," ती म्हणाली. "मला जेवढं येतं तेवढंच मला येत राहणार."

तिनं आरतीच्या कंपनीत अर्ज केला. मुलाखती झाल्या, पसंती आली. तिथल्या मुलीनं फोनवर मोठ्या प्रेमानं सांगितलं, "आणि तुम्हाला ग्राहकांशी बोलावं लागणार नाही हं. त्यासाठी वेगळी टीम आहे." तनुजाला खरंच हलकं वाटलं. फोनकडं कान न लावता अंघोळ करायची, हेसुद्धा सुखच की. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

घरात दिवाळी झाली. मडिवाळप्पांनी त्या कंपनीचं नाव पाठ केलं. आई लक्ष्मम्मा तेवढी म्हणाली, "वैजनाथला सांगितलीस का ग?"

"सांगते की, अव्वा. शुक्रवारी येणारच हायत सगळे."

शुक्रवार म्हणजे येळवस. पुण्याच्या त्या मुलीला हे कुठून माहीत असणार? येळवस म्हणजे वेळ अमावस्या; मार्गशीर्षातली ही अमावस्या आली की लातूर-उदगीरकडं गावात माणूस शोधून सापडत नाही. बाजार बंद, दुकानं बंद, रस्ते ओस. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत लक्ष्मीची पूजा मांडायची, भाज्या-डाळींची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे खायचे आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून जेवायला बसवायचं. ज्याला शेत नाही त्याला कोणाच्या तरी शेतात आवतण असतंच. वैजनाथ आणि त्याची पोरं दर वर्षी बिदर रोडच्या बिरादारांच्या शेतात यायची. म्हणजे बघा, त्या दिवशी पूर्ण कंपनी एका सतरंजीवर मांडी घालून बसलेली असायची.

येळवशीला कोणी कॉम्प्युटर शेतात नेत नाही. तनुजानं मात्र लॅपटॉप गाडीत टाकला होता. जेवणं झाली की वैजनाथला बाजूला घेऊन सांगायचं, आणि मग होकार पाठवून द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. लक्ष्मम्मा भज्जी वाढत होती, वैजनाथ आंबिलीचा तिसरा गडवा संपवत होता, आणि त्याचा फोन वाजला.

फोन वाशिमचा. पुंजाजी शेठ. लातूर जिल्ह्याच्या बाहेरचं कंपनीचं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि वैजनाथला त्याचं कोण कौतुक! दिवाळीनंतर त्यानं प्रोग्राम घेतला होता.

"अहो, तुमचा प्रोग्राम उघडूनच नाही राहिला," शेठ इतक्या मोठ्यानं बोलत होता की सतरंजीवर सगळ्यांना ऐकू येत होतं. "बाहेर गाड्यांची लाइन लागून राहिली. सोयाबीन घेऊन माणसं सकाळपासून उभी आहेत. आणि हा पडद्यावर लिहून देते, 'आज येळवस. मोंढा बंद. शेतात या.' हे काय आहे? येळवस म्हणजे काय?"

सतरंजीवर सगळ्यांचे हात ताटात थांबले. येळवस म्हणजे काय, असं विचारणारा माणूस या जगात आहे, हे त्या सहांपैकी एकाच्याही डोक्यात आजवर आलं नव्हतं!

झालं होतं असं, की सुट्टीच्या तारखेला चुकून एखादी पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, फाटली की पुढचा हिशोब सगळा बिघडायचा. म्हणून तनुजानं येळवशीला प्रोग्रामला कुलूप घातलं होतं, आणि हौसेनं वर तो मजकूर. लातूरच्या दुकानदारांना तो इतका आवडला की त्यांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले. वाशिमला प्रोग्राम दिला तेव्हा कुलूपही सोबत गेलं. तिथं आजचा शुक्रवार म्हणजे साधा शुक्रवार. सगळे एकाच मातीतले, सगळे दर वर्षी एकाच सतरंजीवर जेवणारे. चूक दिसणार कोणाला?

वैजनाथनं घाईघाईनं तोंड पुसलं. "शेठ, काही न्हाई, सर्व्हर जरा डाउन हाय. अर्ध्या तासात—"

तनुजानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. मालकाच्या हातातून, हं! "शेठ, मी तनुजा. सर्व्हरला काही झालेलं नाही. चूक माझी आहे. येळवस हा आमच्याकडचा सण. त्या दिवशी आमचे बाजार बंद असतात. जगात सगळीकडंच बंद असतात असं मी धरून चालले."

पलीकडून जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मडिवाळप्पांच्या कानावर ते पडलं आणि ते उठलेच. परका माणूस आपल्या पोरीला असं बोलतो म्हणजे काय? "दे इकडं फोन. मी बोलतो त्याच्याशी."

"अप्पा, खाली बसा," ती म्हणाली. वडलांना तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. मडिवाळप्पा बसले.

तिनं शेठचा जोर ओसरू दिला. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. आता असं करा. तोलाई थांबवू नका. वजनं कागदावर घ्या, प्रत्येकाला हातानं लिहून पट्टी द्या, माणसांना घरी जाऊ द्या. त्या सगळ्या पट्ट्या मी स्वतः चढवून देईन. आणि कुलूप मी आत्ता काढते. फोन ठेवू नका."

शेतात फोनला रेंज असते, पण नेटचं विचारू नका. ते विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या छतावर मिळतं, तेही एका कोपऱ्यात. तनुजा साडीचा काष्टा खोचून लॅपटॉपसकट छतावर चढली. खालून बायका हसायला लागल्या. शेजारच्या बांधावरून गुरुबसप्पा ओरडले, "ए पोरी, वर काय करलालीस? येळवशीला उपाशी राहती का कुणी? या जेवायला!" ती तिथूनच ओरडली, "येते काका, आलेच!" आणि बोटं चालूच.

थोड्या वेळानं तिनं वरून हाक मारली, "सर, वर या."

वैजनाथचं पोट आंबिलीनं तुडुंब. तो कसाबसा चढला. "झालं? मग पाठव की."

"तुमी वाचा आधी."

"मी? मला काय कळतंय त्यातलं आता? माणूस खोळंबलाय तिकडं."

"खोळंबू द्या. त्यांची तोलाई चालू हाय. न वाचता मी पाठवणार न्हाई. एकदा पाठवलं होतं, त्याचं काय झालं बघितलंत ना?"

बिचारा बसला. डोळे बारीक करून एकेक ओळ बोटानं वाचायला लागला, पहिलीतल्या पोरासारखा. मधेच थांबला. परत मागं गेला. "तनुजा, हे वाशिमचं काढलीस ते ठीक. पण ह्याच्यानं लातूरची कुलपंपण उघडतात का न्हाई?"

तिनं बघितलं. उघडत होती. घाईत तिनं एक अट चुकवली होती. "व्हय की," ती म्हणाली. "सर, तुमाला दिसलं की!"

"दिसलं बाबा," वैजनाथ म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला की त्या परिस्थितीतसुद्धा त्याचे दात दिसायला लागले. पण लगेच तोंड मिटलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दुसरं एक पान उघडं होतं. पुण्याच्या कंपनीचं नाव त्यात ठळक होतं, आणि खाली 'आपल्या होकाराची वाट पाहत आहोत.' तनुजाच्या लक्षात आलं की त्यानं ते वाचलं. तिनं अट दुरुस्त केली, त्यानं पुन्हा वाचलं, तिनं पाठवलं. फोनमधून पुंजाजी शेठचा आवाज आला, "हां, उघडला!"

शेठनं तोवरच्या हातपट्ट्यांचे फोटो पाठवले. तनुजानं त्या छतावर बसून एकेक चढवल्या. त्यातल्या माणसांची नावं आणि वजनं ती मोठ्यानं वाचायची आणि शेजारी बसलेलं कंपनीतलं एक पोरगं फोटोशी ताडून "बरोबर" म्हणायचं. लक्ष्मम्मानं ताट वर पोचवलं. मडिवाळप्पा बाभळीखाली बसून हे बघत होते. आडतीत कोणाचं वजन चुकलं तर ते स्वतः त्याच्या गावी जाऊन सांगून यायचे. दुकानातला माणूस पाठवायचे नाहीत.

उन्हं कलली. पोरं कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवायला निघाली. वैजनाथ तनुजाजवळ येऊन उभा राहिला.

"जा तू," तो म्हणाला. "मी वाचलो ते पत्र. आडवणार न्हाई. आज मी शेठला सर्व्हरचं सांगलालो, तू खरं सांगितलीस. तुला शिकवायला माझ्याकडं काय हाय? तिथं शिकशील."

"तेच्यासाठीच चालले होते, सर."

"मग जा की. रडतीस कशाला?"

"रडत न्हाई," ती रडत म्हणाली. मग डोळे पुसून तिनं नीट विचारलं, "सर, सोमवारपास्न माझी प्रत्येक ओळ तुमी वाचणार का? माझीच न्हाई, सगळ्यांची. दोघांनी वाचल्याबिगर काही बाहेर जाणार न्हाई. आणि गिऱ्हाइकाला सर्व्हरचं खोटं सांगायचं बंद. आणि पुढचा माणूस घ्याल तो लांबचा घ्या. ज्याला आपलं काहीच माहीत न्हाई असा. हे होणार असंल तर सांगा. न्हाई तर मला खरंच जाऊ द्या. मला अशी चूक पुन्हा करायची न्हाई."

गिऱ्हाईक बघायचं का ओळी वाचायच्या, दोन्ही एका माणसाला झेपायचं नाही, हे वैजनाथला कळत होतं. मग म्हणाला, "गिऱ्हाईक नवीन घेत न्हाई वर्षभर. वाचतो."

गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा वैजनाथ तनुजानं चार वर्षांत पहिल्यांदाच बघितला. त्यानं असं बोलून स्वतःच्याच पोटावर पाय दिला होता, आणि ते तिला कळलं.

ती पुन्हा छतावर गेली. पत्र छोटं होतं. आभार, क्षमस्व, आणि खाली नाव. पाठवायचं बटण दाबायला तिला एवढा वेळ लागला की खाली मडिवाळप्पा अस्वस्थ झाले. शेवटी तेच शिडी चढून आले. साठीचा माणूस, धोतर सावरत.

"पाठवलीस? व्हय म्हणलीस का?"

"न्हाई म्हणलं, अप्पा."

खाली पोरांचा गलका चालू होता. मडिवाळप्पांनी ज्या कंपनीचं नाव इतके दिवस घोकलं होतं ती गेली होती, आणि आता तनुजाचा सगळा धीर सुटला. ती गुडघ्यांत तोंड घालून लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली.

"लई चांगली कंपनी होती, अप्पा. तिथं खरंच लई चांगली माणसं होती."

मडिवाळप्पा तिच्या शेजारी छतावर मांडी घालून बसले. तिच्या पुढ्यातला लॅपटॉप त्यांनी उचलून बाजूला ठेवला, आणि तिचं रडून होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.